वन्यजीवांचे संरक्षण : केंद्राचा अधिकार, राज्याची जबाबदारी

रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत उभे पीक लोळविले की दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कचेरीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : या जनावरांचा बंदोबस्त करण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे? सरपंच वनरक्षकाचे नाव सांगतात, वनरक्षक वनक्षेत्रपालांकडे जाण्यास सांगतो, आणि अखेर "कायदा दिल्लीचा आहे, येथे काही करता येत नाही" असे उत्तर शेतकऱ्याच्या पदरी पडते. हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही, पण पूर्णपणे खरेही नाही. कायदा संसदेचा आहे हे खरे. परंतु त्याची अंमलबजावणी करणारे बहुतेक अधिकारी राज्य शासनाचे आहेत, आणि काही बाबतींत ग्रामसभेच्या संमतीवाचून केंद्र व राज्य यांपैकी कोणालाही पुढे जाता येत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात रेडिओ पट्टा बसविलेला एक तरुण वाघ २०१९ साली आपले जंगल सोडून निघाला. तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख आणि विदर्भ-मराठवाड्यातील अनेक तालुके ओलांडीत तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या एकूण भटकंतीची नोंद सुमारे ३,००० किलोमीटर इतकी झाली. कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरलेले हत्ती आणि छत्तीसगडमधून गडचिरोलीत आलेला हत्तींचा कळप ही आपल्या राज्यातील आणखी उदाहरणे होत. वन्य प्राण्याला राज्याची सीमा ठाऊक नसते. परंतु त्याने केलेले नुकसान मात्र एका विशिष्ट गावात, एका विशिष्ट गट क्रमांकात होते. संरक्षणाचा विचार देशव्यापी असावा लागतो आणि त्याचा भार स्थानिक असतो. केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारांची वाटणी या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी झालेली आहे. ती कशी घडत गेली आणि आज तिचे स्वरूप काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राज्य सूचीतील विषय

ब्रिटिश अमदानीत वन्य पशुपक्ष्यांच्या शिकारीवर नियंत्रण घालणारा १९१२ चा कायदा होता. विशिष्ट पशुपक्ष्यांच्या शिकारीस ठरावीक काळात बंदी करणे, एवढाच त्याचा मुख्य आवाका होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने हा विषय प्रांतांकडे सोपविला. स्वतंत्र भारताच्या संविधानानेही तीच परंपरा पुढे चालविली. सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत 'वने' ही नोंद १९ आणि 'वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण' ही नोंद २० अशा दोन नोंदी करण्यात आल्या. म्हणजे या विषयावर कायदा करण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे केवळ राज्य विधानमंडळांचा होता.

त्या काळात तत्कालीन मुंबई राज्याने पुढाकार घेऊन १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. परंतु शेजारच्या राज्यांत नियम वेगळे होते. आज महाराष्ट्रात एकत्र नांदणारे विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र हे प्रदेशही १९५६ पूर्वी तीन निरनिराळ्या शासनांखाली होते. एका राज्यात मनाई असलेल्या शिकारीस दुसऱ्या राज्यात परवाना मिळे. एका ठिकाणी मारलेल्या जनावराचे कातडे दुसऱ्या ठिकाणी राजरोस विकता येई. कायद्यांच्या या विस्कळीतपणाचा फायदा शिकारी आणि कातड्यांचे व्यापारी घेत. १९७२ साली झालेल्या गणनेत देशात सुमारे १,८०० वाघ उरल्याचे आढळले, तेव्हा प्रत्येक राज्याने आपापल्या परीने केलेले प्रयत्न अपुरे पडत आहेत, हे स्पष्ट झाले.

राज्यांच्या संमतीने झालेला कायदा

येथे घटनात्मक अडचण उभी राहिली. विषय राज्य सूचीतील असल्याने संसदेला त्यावर थेट कायदा करता येत नव्हता. मार्ग संविधानाच्या अनुच्छेद २५२ मध्ये होता. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून विनंती केल्यास राज्य सूचीतील विषयावरही संसद त्या राज्यांपुरता कायदा करू शकते, आणि अन्य राज्ये पुढे ठराव करून तो स्वीकारू शकतात. आंध्र प्रदेश, बिहार, गुजरात, हरियाणा, हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश, मणिपूर, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या ११ राज्यांनी असे ठराव केले. त्यानुसार संसदेने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत केला आणि ९ सप्टेंबर १९७२ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. महाराष्ट्रात हा अधिनियम १९७३ साली लागू झाला. त्याच वर्षी १ एप्रिलला व्याघ्र प्रकल्पास आरंभ झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या मेळघाटचा समावेश झाला.

या घटनाक्रमातील एक गोष्ट विसरता कामा नये. १९७२ चा कायदा केंद्राने राज्यांवर लादलेला नव्हता. राज्यांनी तो स्वतः मागून घेतलेला होता. मात्र अनुच्छेद २५२ मध्ये एक अटही आहे. अशा रीतीने झालेला कायदा राज्य विधानमंडळाला स्वतःच्या कायद्याने बदलता किंवा रद्द करता येत नाही. एकदा संमती दिल्यानंतर ती परत घेण्याचा अधिकार राज्याकडे उरत नाही.

बेचाळिसावी घटनादुरुस्ती

यानंतर १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिने राज्य सूचीतील पाच विषय समवर्ती सूचीत आणले. शिक्षण हा त्यांपैकी एक असल्याने शिक्षकवर्गाला ही दुरुस्ती परिचित असेल. वने आणि वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण हे विषयही याच दुरुस्तीने समवर्ती सूचीतील नोंद १७-क आणि १७-ख झाले. अनुच्छेद ४८-क अन्वये वने व वन्यजीव यांचे रक्षण करणे हे राज्याचे निदेशक तत्त्व ठरले, आणि अनुच्छेद ५१-क (छ) अन्वये वन्यजीवांसह निसर्गाचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले.

समवर्ती सूचीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या सूचीतील विषयावर संसद आणि राज्य विधानमंडळ या दोघांनाही कायदा करता येतो. दोहोंत विसंगती निर्माण झाली, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा प्रभावी ठरतो. यास एक अपवाद आहे : राज्याच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता तो टिकतो, तथापि पुढे तो बदलण्याचा संसदेचा अधिकार अबाधित राहतो. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. बैल हा पाळीव प्राणी असल्याने तेथे कायदा वेगळा, म्हणजे प्राणी क्लेश प्रतिबंधाचा होता. परंतु घटनात्मक वाट हीच होती. तमिळनाडू व महाराष्ट्र यांनी २०१७ साली केलेल्या दुरुस्त्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये त्या वैध ठरविल्या.

दुसरी महत्त्वाची बाब कार्यकारी अधिकाराची. समवर्ती विषयावर संसदेने कायदा केला, तरी त्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर त्याची अंमलबजावणी राज्य शासनाकडेच राहते. वनरक्षकापासून मुख्य वन्यजीव रक्षकापर्यंतची सारी यंत्रणा राज्याची असते, ती याच कारणाने.

कोणाचा अधिकार कोणता?

१९७२ च्या अधिनियमात आतापर्यंत अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांतील १९९१, २००२, २००६ आणि २०२२ च्या दुरुस्त्या विशेष महत्त्वाच्या आहेत. या सर्वांचा विचार करता आजची वाटणी स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(१) कोणत्या प्राण्याला किती संरक्षण द्यावयाचे, हे अधिनियमाच्या अनुसूची ठरवितात. त्यांत बदल करणे हे संसदेचे आणि केंद्र शासनाचे काम आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, सहा अनुसूचींच्या जागी चार अनुसूची केल्या. अनुसूची १ मध्ये वाघ, बिबट्या, हत्ती यांसारखे सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी आहेत; अनुसूची २ मध्ये रानडुकरासारखे त्याहून कमी संरक्षणाचे; अनुसूची ३ वनस्पतींची आहे; आणि अनुसूची ४ आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारातील जातींची.

(२) अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान घोषित करण्याचा अधिकार मुख्यतः राज्य शासनाचा आहे. मात्र त्याच्या सीमा बदलावयाच्या असतील, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. या मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात.

(३) व्याघ्र प्रकल्प क्षेत्र राज्य शासन अधिसूचित करते, पण ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या शिफारशीवरून. २००६ च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या या प्राधिकरणाचे निदेश बंधनकारक असतात. तथापि स्थानिक लोकांच्या, विशेषतः अनुसूचित जमातींच्या, हक्कांना बाध येईल असे निदेश प्राधिकरणाला देता येत नाहीत, असे कायद्यातच स्पष्ट केले आहे.

(४) एखादा प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, तर त्याच्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे. अनुसूची १ मधील प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही अशी खात्री झाल्याखेरीज त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही, आणि आदेशाची कारणे लेखी नमूद करावी लागतात.

(५) एखादी जात विशिष्ट क्षेत्रापुरती आणि विशिष्ट मुदतीपुरती 'उपद्रवी' म्हणून घोषित करण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे. अनुसूची १ मधील प्राण्यांना तो लागू होत नाही.

(६) अधिनियमाखाली शिकार झालेला किंवा मृत आढळलेला संरक्षित प्राणी सर्वसाधारणपणे राज्य शासनाची मालमत्ता ठरतो. जिवंत असताना तो कोणाच्याही मालकीचा नसतो.

रेषा आखणे आणि रेषा पुसणे

वरील दुसऱ्या मुद्द्याचे व्यवहारात काय परिणाम होतात, हे सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ साली राज्य शासनाने या भागात सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित केले. नान्नजच्या माळरानासारख्या गवताळ जागांबरोबरच त्यात शेकडो गावांची शेती, घरे आणि बाजारपेठाही आल्या. एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात प्रत्यक्ष माळढोकाच्या वावराची जागा थोडीच होती. पण जमिनीच्या व्यवहारांवर आणि विकासकामांवर आलेली बंधने सर्वांनाच जाचक ठरली.

चूक लक्षात आली तेव्हा ती दुरुस्त करणे मात्र राज्याच्या एकट्याच्या हाती राहिले नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने सीमाबदलासाठी राज्य विधानमंडळाचा ठराव आवश्यक केला होता. २००२ च्या दुरुस्तीने त्याच्या जागी राष्ट्रीय मंडळाची शिफारस आली, आणि सर्वोच्च न्यायालयाची परवानगी घेण्याचाही प्रश्न उभा राहिला. दीर्घकाळ चाललेल्या प्रक्रियेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान तीन दशकांहून अधिक काळ लोटला, शेतकऱ्यांच्या मनात अभयारण्य या शब्दाविषयीच कटुता निर्माण झाली, आणि माळढोकाची संख्या तर घटतच गेली. रेषा आखण्याचा अधिकार राज्याचा आणि ती पुसण्याची शिफारस केंद्रीय मंडळाची अशी व्यवस्था असताना मूळ रेषा किती विचारपूर्वक आखली पाहिजे, याचा हा मोठा धडा आहे. सीमाबदल कठीण करण्यामागचा हेतू योग्यच आहे. स्थानिक दबावाखाली अभयारण्ये कापली जाऊ नयेत, हा तो हेतू होय. पण त्याच तरतुदीमुळे प्रामाणिक चुकीची दुरुस्तीही लांबते.

गोव्यातील म्हादईचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथे व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरणाने केली होती. राज्य शासन त्यास राजी नव्हते. जानेवारी २०२० मध्ये त्या परिसरात एक वाघीण व तिचे तीन बछडे मृत आढळले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध राज्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. केंद्रीय प्राधिकरणाची शिफारस राज्यावर कितपत बंधनकारक असते, हा या वादातील मूळ प्रश्न आहे.

सिंह कोणाचे?

केंद्र-राज्य संबंधांच्या दृष्टीने गीरच्या सिंहांचा वाद सर्वांत उद्बोधक म्हणावा लागेल. आशियाई सिंह निसर्गात केवळ गुजरातमध्ये उरले आहेत. सारी संख्या एकाच प्रदेशात असल्याने एखादी साथ आली तर जातच नष्ट होण्याचा धोका संभवतो, म्हणून त्यांचा दुसरा अधिवास निर्माण करावा, अशी शास्त्रज्ञांची सूचना होती. त्यासाठी मध्य प्रदेशातील कुनोची निवड झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कुनोच्या जंगलातील २४ गावे उठविण्यात आली. उठलेल्यांत सहरिया आदिवासींची संख्या मोठी होती.

परंतु सिंह देण्यास गुजरात शासनाने नकार दिला. सिंह हे राज्याचे वैभव असून ते तेथे सुरक्षित आहेत, अशी त्या राज्याची भूमिका होती. गुजरातच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीवाचून सिंह हलविता येत नसल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सहा महिन्यांत स्थलांतर करण्याचा आदेश दिला. वन्यजीव ही कोणत्याही राज्याची खाजगी मालमत्ता नव्हे; निर्णय घेताना त्या जातीचे हित प्रथम पाहिले पाहिजे, असे या निकालाचे सूत्र होते.

निकाल लागला, पण सिंह गेले नाहीत. २०१८ साली गीरमध्ये साथीच्या रोगाने अनेक सिंह दगावले, तेव्हा शास्त्रज्ञांची भीती अनाठायी नव्हती हे दिसून आले. दुसऱ्या बाजूने, २०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ झाली, म्हणजे गुजरातने त्यांचे रक्षण उत्तम केले, हेही मान्य केले पाहिजे. कुनोमध्ये अखेर १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते सोडण्यात आले. सिंहांसाठी ज्यांनी आपली गावे सोडली, त्यांच्या त्यागाचे प्रयोजन मात्र त्यांना विचारल्यावाचूनच बदलले. दोन शासनांच्या वादात तिसऱ्याच कोणाला किंमत मोजावी लागते, ती अशी.

पिकांचे नुकसान आणि अधिकारांचा पेच

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये येते. अनुसूची २ मधील प्राणी मानवी जीविताला किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी त्यास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. म्हणजे त्यासाठी दिल्लीला जाण्याची आवश्यकता नाही. अर्ज वन विभागाच्या स्थानिक कार्यालयातच करावयाचा असतो. अनुसूची १ मधील प्राण्यांसाठी मात्र पिकांचे नुकसान हे कारण पुरेसे नाही. त्यामुळे हत्तीने भात तुडविले किंवा काळविटांनी हरभरा खाल्ला, तर भरपाई मिळते, परंतु मारण्याची परवानगी मिळत नाही.

याहून पुढे जाऊन संपूर्ण जातच उपद्रवी ठरवावयाची असेल, तर केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांबाबत ठरावीक क्षेत्रासाठी व मुदतीसाठी अशा अधिसूचना काढल्या. केरळची रानडुकरांविषयीची मागणी मात्र मान्य झाली नाही. तेव्हा त्या राज्याने २०२२ साली वेगळी वाट काढली. अधिनियमातील प्राधिकृत करण्याच्या तरतुदीचा आधार घेऊन परवानगीचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळ विधानसभेने मूळ अधिनियमातच राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. अनुसूची २ मधील प्राणी उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार राज्याला मिळावा, असा त्यातील एक हेतू आहे. असे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीवाचून टिकू शकत नाही. आपल्याकडेही जुन्नर परिसरातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा प्रश्न तीव्र झाल्यावर बिबट्याच्या वर्गवारीचा फेरविचार व्हावा, अशी मागणी पुढे आली. तिचा निर्णयही केंद्राच्याच अखत्यारीतील आहे.

राज्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. मृताच्या घरी जावे लागते ते राज्याच्या अधिकाऱ्याला. भरपाईचा मुख्य भार उचलतो तोही राज्याचा तिजोरीखाना. महाराष्ट्राने २०२३ साली वन्य प्राण्यांच्या हल्ल्यातील मृत्यूसाठीचे अर्थसहाय्य २५ लाख रुपये केले. परंतु केंद्राच्या भूमिकेतही तथ्य आहे. एखाद्या राज्यात बहुसंख्य असलेली जात शेजारच्या राज्यात दुर्मिळ असू शकते, आणि लोकक्षोभाच्या भरात घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही. १९७२ पूर्वीचा विस्कळीत कारभार पुन्हा येऊ नये, हा त्यामागील विचार आहे. वाघांची संख्या २०२२ च्या अंदाजानुसार ३,६८२ झाली आणि महाराष्ट्रात ती ४४४ असल्याचे दिसून आले, याचे श्रेय समान कायद्याला आणि राज्यांच्या यंत्रणेला असे दोघांनाही द्यावे लागेल.

संघराज्य असलेल्या अन्य देशांतही हा वाद आढळतो. अमेरिकेत वन्य प्राण्यांचे नियमन परंपरेने घटक राज्यांकडे होते. स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १९१८ साली तेथील संघशासनाने कायदा केला, तेव्हा मिसुरी राज्याने त्यास आव्हान दिले. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने संघशासनाच्या बाजूने निकाल दिला. आपल्या संविधानात हा प्रश्न अनुच्छेद २५३ ने आधीच सोडविला आहे. आंतरराष्ट्रीय करार अंमलात आणण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते.

ग्रामसभेचे स्थान

केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांचा विचार करताना तिसऱ्या स्तराचा विसर पडू नये. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने ग्रामसभेला वन्यजीव, वने व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. संकटग्रस्त वन्यजीव अधिवासासाठी किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून लोकांचे पुनर्वसन करावयाचे असेल, तर ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. खाजगी किंवा गावाच्या सामाईक जमिनीवर समुदाय राखीव क्षेत्र घोषित करता येते, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीने नामनिर्देशित केलेले किमान पाच प्रतिनिधी असतात. जैवविविधता अधिनियमाखालील व्यवस्थापन समिती तर प्रत्येक स्थानिक संस्थेत असणे अपेक्षित आहे.

पंचायत सदस्यांनी काही गोष्टी आवर्जून कराव्यात. नुकसान होताच विलंब न लावता वन विभागास कळवून पंचनामा करून घ्यावा. मुदत टळल्यामुळे अनेक रास्त दावे फेटाळले जातात. परवानगीचा अर्ज तोंडी न करता लेखी करावा आणि पोच घ्यावी. शेताभोवती तारेत वीजप्रवाह सोडणे किंवा विषप्रयोग करणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्यात माणसांचेही बळी जातात, हे ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावे. आत्मसंरक्षणार्थ, सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण तो प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि घटना त्वरित कळविली पाहिजे, हेही लोकांना माहीत असावे. गावाच्या हद्दीत अभयारण्याची किंवा राखीव क्षेत्राची रेषा आखण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा हरकती व सूचना वेळेवर नोंदवाव्यात. एकदा आखलेली रेषा पुसण्यास किती वर्षे लागतात, हे माळढोकाच्या प्रदेशाने दाखविले आहे.

केंद्राचा कायदा, राज्याची यंत्रणा आणि गावाचे सहकार्य या तिन्हींवर आपली वन्यजीव संरक्षणाची व्यवस्था उभी आहे. यांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, तर शेतकऱ्याचे पीकही जाते आणि वन्य प्राण्याचा जीवही जातो. "कायदा दिल्लीचा आहे" हे उत्तर देण्यापूर्वी त्या कायद्याने आपल्या हाती काय दिले आहे, हे प्रत्येक अधिकाऱ्याने, शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने एकदा तपासून पाहिले, तर कचेरीत आलेला शेतकरी निदान रिकाम्या हाताने परत जाणार नाही.